भोंग्याची फुंक

दगडाच्या कारखान्यात वर्षातून एकदा छातीची तपासणी होई. एका नळीत जीव तोडून फुंकायचं. काटा वर गेला तर काम, खाली राहिला तर घरचा रस्ता. तपासणारा माणूस वहीतून नंबर पुकारायचा, पण समोर तोंड कुणाचं आहे हे मान वर करून कधी बघत नसे. त्यामुळे गेली तीन वर्षं निम्म्या कारखान्याच्या वतीने, सगळे ज्याला भोंगा म्हणत तो एकटा गडीच फुंकत आला होता.

भोंगा कटाईच्या मशीनवर होता. त्याने गल्लीच्या तोंडाशी हाक मारली की शेवटच्या खोलीतलं बाळ दचकून उठायचं. तो फुंकायचा, काटा टोक गाठायचा, आणि धापा टाकणारी माणसं कागदावर ठणठणीत होऊन पुन्हा पॉलिशला बसायची. पॉलिशच्या शेडमध्ये धुळीने शेजारचा माणूस दिसत नसे. साहेबांच्या खोलीला मात्र काचेचं दार होतं, आणि ती धूळ एवढी अदबशीर की तिने तिथे कधी पाऊल टाकलं नाही.

त्या शेडमधल्या एका पॉलिशवाल्याच्या बायकोला हे सगळं ठाऊक होतं. नवऱ्याच्या नावावर फुंकावं म्हणून पहिल्या वर्षी तिनेच भोंग्याला घरी बोलावून पोटभर जेवू घातलं होतं. आता नवऱ्याला पाण्याची बादली दारातून मोरीपर्यंत नेताना तीनदा थांबावं लागे. आडवं पडलं की श्वास कोंडायचा, म्हणून तो भिंतीला टेकून झोपायचा. शेवटी तिने त्याला सरकारी दवाखान्यात आणलं. सोबतीला भोंगा होताच.

डॉक्टरबाईंनी कारखान्याचे तिन्ही वर्षांचे कागद पाहिले. इतकी दणकट छाती महिनाभरात पाहिली नाही, असं कौतुकाने म्हणाल्या, आणि अशक्तपणा असेल म्हणून टॉनिक लिहायला घेतलं. नवऱ्याने टेबलाखाली बायकोचा हात दाबला. गप्प राहा, एवढाच त्याचा अर्थ होता.

बोलावं तर दोघांचंही काम जाणार. न बोलावं तर टॉनिकचे चमचे भरता भरता हा माणूस डोळ्यांदेखत हातचा जाणार. तिचा फार जीव होता त्याच्यावर. तिने हात सोडवून घेतला.

"बाई, लिहू नका. हे कागद यांचे नाहीत. फुंकलं या भाऊजींनी, नाव लागलं यांचं."

नवऱ्याने कपाळाला हात लावला. भोंगा उठून उभा राहिला आणि सगळी चूक आपल्या एकट्याची असल्याचं सांगू लागला. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. यातलं अक्षरही कारखान्यात जाणार नाही, असा त्यांनी शब्द दिला आणि नळी पुढे केली. नवऱ्याने फुंकलं. काटा जेमतेम जागचा हलला. डॉक्टरबाईंनी समजावलं, की आत बसलेली धूळ आता निघत नाही. औषधाने त्रास कमी होईल. वेळेवर त्या शेडमधून बाहेर पडलं असतं तर पुष्कळ वाचलं असतं.

मग त्यांनी ती नळी भोंग्याच्या हातात दिली. एवढी दाद मिळवलेली छाती त्यांनाही बघायची होती.

"बघा हं वहिनी," भोंगा म्हणाला, आणि ऐटीत फुंकला. काटा निम्म्यावर जाऊन खाली आला. नळी सैल बसलीय म्हणत त्याने ती शर्टाला पुसली आणि पुन्हा फुंकलं. तिसऱ्या खेपेला काटा निम्म्यापर्यंतही पोचला नाही. गल्ली जागी करणारा तो माणूस नळी उलटीसुलटी करून बघू लागला. आपण वाढलेलं ते जेवण तिला आठवलं.

नवरा टेबलाला धरून उठला. त्याने आपलं स्टूल भोंग्याकडे सरकवलं, त्याला खांद्याला धरून बसवलं, आणि दम खात खात म्हणाला,

"बाई, आधी याचा कागद लिहा. याला अजून वेळ आहे."