कान्छीला धाडा

राजेपण कधीच गेलं, पण दसऱ्याचा दरबार काही जायला तयार नव्हता. शिरड शहापूरहून आत वळलं की जे गाव लागतं, तिथल्या सूर्यकांतरावांच्या आज्याला निजामाच्या काळात जहागीर होती. जहागीर गेली, हत्ती गेला, गढी पाडून तिथं स्लॅबचं घर आणि हळदीचं गोदाम उभं राहिलं. तरी गाव त्यांना राजेसाहेबच म्हणतं आणि वर्षातून एकदा गोदामातली पोती हलवून, सतरंज्या अंथरून तिथं दरबार भरतो. उदबत्त्या कितीही लावा, हळदीचा वास हटत नाही.

या दरबारात राजेसाहेबांच्या डाव्या अंगाच्या खुर्चीवर मधुवंतीराणी बसल्या होत्या आणि त्यांची कंबर मोडून आली होती.

येणारच. अंगावर भरजरी शालू, नाकात नथ, डोक्यावरचा पदर सरकता कामा नये. गावातले पुरुष सीमोल्लंघन करून आले की आपट्याचं पहिलं पान राणीच्या ओंजळीत पडतं. त्याशिवाय गावात कुणी कुणाला सोनं देत नाही. मग सगळं गाव रांगेनं येऊन पान देतं, पाया पडतं, आणि रांग संपेपर्यंत राणीनं उठायचं नसतं. हा नियम कुणी केला ते कुणाला ठाऊक नाही. केला त्याची कंबर शाबूत असावी एवढं खरं.

राणी जन्मानं इथल्या नव्हत्याच. काठमांडूच्या एका जुन्या सरदार घराण्यातलं शेंडेफळ. इंदूरच्या एका मध्यस्थानं सोयरीक जुळवली. तिकडं सांगितलं, मुलगा राजा आहे. इकडं सांगितलं, मुलगी डोंगरातल्या राजघराण्यातली आहे. दोन्हीकडं थोडंथोडं खरं होतं. दुरून डोंगर साजरे म्हणतात. ही पोर डोंगरातूनच आली होती, तिला दुरून माळ साजरा दिसला. लग्नात ताटातल्या तांदळावर तिचं नवं नाव लिहिलं गेलं, मधुवंती. जुनं नाव त्या तांदळाबरोबर कुठं गेलं कोण जाणे. तिची आई मात्र तिला फोनवर अजून कान्छीच म्हणायची. कान्छी म्हणजे धाकटी लेक.

सासर वाईट नव्हतं, हे सांगितलंच पाहिजे. राजेसाहेबांनी कधी आवाज चढवला नाही. राणी मराठी शिकल्या, ज्वारीची भाकरी थापायला शिकल्या, उन्हाळा सोसायला शिकल्या. लग्नकार्याला, बाप गेला तेव्हा, माहेरी जाऊनही आल्या. एकच गोष्ट राहून गेली, आणि ती लहान नव्हती.

तिकडंही दसराच मोठा. तिकडंही घटस्थापनेला धान पेरतात, नऊ दिवसांत ते पिवळं कोवळं उगवतं. इथं ते गडी फेट्यात खोवतात. तिथं त्याला जमरा म्हणतात, आणि दसऱ्याला घरातलं थोरलं माणूस दही, तांदूळ नि कुंकू कालवून धाकट्यांच्या कपाळाला टिळा लावतं, कानाशी जमरा खोवतं, डोक्यावर हात ठेवतं. लेकी त्यासाठी कुठून कुठून माहेरी येतात. पौर्णिमेपर्यंत कधीही आलं तरी चालतं. पण राणी घट बसले की घर सोडू शकत नाहीत, दसऱ्याला दरबार, आणि दुसऱ्या दिवसापासून कोजागिरीपर्यंत भाऊबंदांच्या पंगती. लग्न होऊन आल्यापासून आईच्या हातचा टिळा राणीच्या कपाळाला लागला नव्हता.

यंदा श्रावणातच थोरल्या भावाचा फोन आला होता. आई विसरायला लागली आहे. या दसऱ्याला ये, पुढचं कुणी सांगावं.

राणीनं राजेसाहेबांच्या कानावर घातलं. ते हळहळले. "जायलाच पाहिजे," म्हणाले. "कोजागिरी होऊ द्या, लगेच निघा."

कोजागिरीनंतर टिळा नसतो हे त्यांना दरवर्षी सांगून झालं होतं. राणी भांडल्या नाहीत. भांडायलाही अंगात बळ लागतं.

आता रांग निम्म्यावर आली होती. म्हातारी मंजुळाबाई राणीच्या मांडीवरची पानं टोपलीत भरत होती. या बाईनंच त्यांना पहिलं लुगडं नेसायला शिकवलं होतं.

"आईसाब, पानी देऊ का?" तिनं हळूच विचारलं. "तोंड सुकून गेलं तुमचं."

"नको. मग उठावं लागेल."

"व्हय, ते बी हाय."

पाया पडणाऱ्यांच्या टाळूंवरून राणीचा हात फिरत होता. आयुष्मान व्हा, सुखी राहा. शब्द तोंडातून आपोआप पडत होते. राणीच्या मनात आलं, इतक्या वर्षांत मी किती डोक्यांवर हात ठेवला, माझ्या डोक्यावर ठेवायला या गावात कुणी उरलंच नाही. रडू आलं, पण नथीला धक्का लागेल म्हणून तेही गिळलं.

तेवढ्यात मागं उभ्या असलेल्या सुनेच्या, प्रियदर्शनीच्या, हातातला राणीचा फोन थरथरला. तिनं नाव पाहिलं आणि काही न विचारता फोन राणीसमोर धरला.

पडद्यावर आई होती. केवढीशी झाली होती. मांडीवर पितळी वाटी, वाटीत लाल तांदूळ. मागून भावाचा आवाज आला, "सकाळपासून वाटी सोडत नाही. कान्छी यायचीय म्हणते. तू बोल."

"आमा," राणी म्हणाल्या.

आईनं डोळे बारीक करून पाहिलं. शालू पाहिला, नथ पाहिली, मागची झालर पाहिली. मग वाटी खाली ठेवून तिनं घाईघाईनं दोन्ही हात जोडले आणि मान लववली.

"राणीसाहेब," ती नेपाळीत म्हणाली, "आमचं भाग्य."

राणीसमोर खेमा गुरव पान घेऊन वाकलेला होता, तो तसाच राहिला.

"आमची एक लेक तुमच्या मुलखात दिलीय," आई सांगू लागली. "कान्छी. गुणाची आहे, पण भिडस्त फार. तिथं कुणी मोठं माणूस आहे, ते तिला सोडत नाही म्हणतात. तुम्ही राणी आहात. तुमचं कोण मोडेल? यंदा तेवढी धाडा तिला. जमरा उगवलाय. सुकून जाईल."

राणीनं त्या वाटीकडं पाहिलं. आपल्याला सोडत नाही ते मोठं माणूस कोण, हे त्यांना या खुर्चीत बसून पहिल्यांदाच नीट दिसलं.

"धाडते," त्या म्हणाल्या. "आजच धाडते."

"शब्द?"

"शब्द."

आईनं पुन्हा हात जोडले. फोन बंद झाला.

राणीनं नथ काढून सुनेच्या हातात दिली. खुर्चीचे हात धरले आणि उठून उभ्या राहिल्या. मांडीवरची पानं सतरंजीवर सांडली.

"अनिरुद्ध, गाडी काढ," त्या लेकाला म्हणाल्या. "पहाटेपर्यंत हैदराबादला पोचलं पाहिजे. तिथून विमानाचं बघू."

राजेसाहेब गोंधळून झुकले. "अहो, रांग अर्धी बाकी आहे. असं मधेच कुणाला विचारून निघालात?"

"राणीसाहेबांना," कान्छी म्हणाली आणि चपला शोधू लागली.