निवलेला पेला

"हा चहा आहे की पेले विसळलेलं पाणी?" सासरे पुटपुटले. माझ्याकडे बघायचं मात्र टाळलं, म्हणजे बोलणं माझ्याचसाठी होतं.

"निववलाय, बाबा. डॉक्टर म्हणाले तसा."

दोनेक महिने त्यांचा घास छातीशी अडकत होता. नळी घालून आतला तुकडा काढला, तपासायला पाठवला. आज सकाळी डॉक्टर म्हणाले, "तसलं काही नाही. अन्ननलिका भाजलीय. पण उकळता चहा, सिगारेट आणि तांदळाची दारू अशीच चालू राहिली, तर पुढे धोका आहे."

बाहेर आल्यावर सासूबाईंनी बसस्टॉपवरच फतकल मारली आणि संत्री सोलून आम्हाला भरवू लागल्या. इतके दिवस त्यांच्याच पोटात धड काही गेलं नव्हतं.

'तसलं' हा आमच्या घरचाही शब्द. थोरले सासरे, म्हणजे बाबांचे दादा, त्यानंच गेले. त्यांना शेवटपर्यंत आम्ही पोटातली जखम सांगितली, गल्लीलाही तेच.

चीनमधल्या आमच्या शानथौ शहरात चहा जीभ पोळेल असाच द्यायचा. गार दिला की पाहुण्यानं ओळखायचं, आता उठावं. घरात बातमीच अशी चांगली होती, की मी हे साफ विसरले. संध्याकाळी शेजारचे एंगकाका रोजच्यासारखे येऊन टेकले, तर मी त्यांच्याही पुढे निवलेलाच पेला सरकवला.

काकांनी ओठ लावला. पेला खाली ठेवला. मग पायानं चपला चाचपायला लागले.

"बसा की," सासूबाई म्हणाल्या.

"नको, वहिनी. समजलं मला. एवढा जन्म गेला इथं येण्यात, तोंडानं सांगितलं असतं तरी चाललं असतं."

"तसं नाही हो. यांना पित्त झालंय."

"आणि हवाही बदललीय," मी भर घातली.

"पित्त याला, हवा बाहेर, आणि गार चहा मला?"

सासरे हसले. किती दिवसांनी त्यांचे पिवळे दात दिसले. त्यांनी काकांची एक चप्पल पायानंच टेबलाखाली ढकलली.

"बस रे. दादा कॅन्सरनं गेला. मला वाटलं, मलाही झाला. नाही झालेला. मला कॅन्सर नाही. आता गुमान गार चहा पी."