तांब्याच्या कॉइलची घालमेल

मित्रांनो, कीटकांच्या प्रयोगशाळेत टेबलाच्या कडेला तांब्याच्या तारेची एक जुनी कॉइल दिसते ना, ती मी. एका संशोधक ताईने मला प्लास्टिकच्या नळकांड्यावर स्वतःच्या हातांनी गुंडाळलं. बोटं सोलवटली, पण तिने एक वेढा दुसऱ्यावर चढू दिला नाही. बटण दाबलं की माझ्यातून वीज वाहते आणि माझ्या पोटात चुंबकीय क्षेत्र तयार होतं. तिथे फळमाश्यांच्या अळ्यांची एक कुपी असे. दुसरी कुपी, माझं क्षेत्र पोचू नये म्हणून, लांब खिडकीपाशी.

दरवेळी माझ्या कुपीतल्या माश्या आधी कोषातून बाहेर पडत. ताईचे सर भेटेल त्याला सांगत सुटले, "चुंबकीय क्षेत्राने किडे लवकर वाढतात, आमच्या पोरीने दाखवलं!" परिषदेत तिचं भाषण ठरलं. लोक माझे फोटो काढून नेऊ लागले.

मला मात्र चैन पडेना. वीज वाहिली की मी तापते हो! आणि उबेत अळ्या भराभर वाढतात. ताई खोलीचं तापमान रोज पाही, माझ्या पोटातलं कधीच नाही. ओरडून सांगावं, तर तोंड कुठलं?

परिषदेच्या आदल्या दिवशी तिची मैत्रीण गारठून आत आली आणि तिने मला दोन्ही तळव्यांत धरलं.

"अगं, ही कॉइल आहे की शेगडी? थांब, चहाच ठेवते हिच्यावर!"

ताई हसली. हसता हसता थांबली. तिने माझ्या पोटात तापमापक घातला, पाहिलं आणि तडक सरांकडे गेली. दार उघडंच होतं.

"सर, माझं भाषण रद्द करा. माश्या चुंबकाने वाढल्या की उबेने, मलाच माहीत नाही."

"वेडी आहेस का? नाव छापून झालंय. कोण विचारणार आहे?"

"मी विचारतेय ना, सर."

मग तिने माझी जोडीदारीण गुंडाळली. तिची तार दुहेरी. वीज एकीतून जाते, दुसरीतून उलटी परतते. त्यामुळे चुंबकत्व पुसलं जातं, ऊब तेवढी उरते. आम्हा दोघींत कुप्या ठेवल्या. दोन्हींतल्या माश्या एकाच वेळी बाहेर आल्या.

त्या सकाळी माझं कौतुक संपलं. ताईने मात्र, मी तापू नये म्हणून, वीज कमी केली आणि नव्या अळ्या आणायला गेली. कमीजास्त क्षेत्राने काही होतं का, हे अजून कुठे कळलंय?

म्हणून सांगते मित्रांनो, मला डोक्यावर घेण्याची घाई नको, भंगारात टाकण्याचीही नको. मला बोलता येत नाही. विचारायचं तुम्हालाच आहे.