कोपऱ्यातलं पिवळं वर्तुळ

"काका, माझी आई बसून उठली की तुम्ही तिथलं गवत जाळता, हे खरं आहे का?"

मैत्रिणींनी पैज लावली होती. "हिंमत असेल तर विचार!" म्हणत त्या कुंपणाबाहेर मास्कवर हात दाबून खिदळत उभ्या होत्या. माळीकाकांच्या हातातली नळी तशीच वाहत राहिली. आणि मी कान टवकारले. मित्रांनो, मी या बागेतला एक जुना बाक आहे. मला कान नाहीत असं समजू नका!

वादळात पडलेल्या एका झाडाच्या फळ्यांपासून सुताराने मला घडवलं. बागेच्या एका बाजूला इमारती, दुसऱ्या बाजूला रुग्णालयाची मागची भिंत आणि तिच्यात एक छोटं फाटक. माझ्यावर बसून आजोबांनी पेपर वाचले, मुलांनी माझ्या पाठीवर कर्कटकाने नावं कोरली. मी रागावलो, पण खरं सांगू? गुदगुल्याही झाल्या.

मग साथ आली. मला लाल-पांढऱ्या पट्टीत गुंडाळलं, जणू मीच गुन्हेगार! बाग दोन महिने बंद. खिडक्यांतून माणसं गवताकडे नुसती बघत राहायची. शेवटी रोज संध्याकाळी एक तास फाटक उघडू लागलं. माळीकाकांनी गवतावर पांढरी वर्तुळं आखली. एका वर्तुळात एकाच घरची माणसं. लोकांनी चपला काढून गवतावर पाय टेकले. एक आजी तर रडतच बसल्या.

पण कोणी खोकलं की सगळ्यांच्या माना गर्रकन वळायच्या. मीही काही कमी नव्हतो. हा नाक का पुसतोय? ती मास्क का खाली ओढतेय? माझा तर मुंग्यांच्या रांगेवरसुद्धा संशय, किती चिकटून चालतात बघा!

सगळ्यात जास्त संशय होता मागच्या फाटकातून येणाऱ्या बाईंवर. त्या रुग्णालयात परिचारिका. घरी आजार जाऊ नये म्हणून तीन महिने तिथेच राहत होत्या. त्या कोपऱ्यातल्या वर्तुळात एकट्या बसत. दहा पावलांवर ही प्रश्न विचारणारी मुलगी आणि तिचे बाबा. गप्पा ओरडूनच.

"गणिताचा अभ्यास झाला?"

"आई, आधी जेवलीस का विचार की! गणित कुठे पळून जातंय?"

आईला लेक दिसायची ती एवढ्याच तासात, एवढ्याच गवतावर.

आणि एके दिवशी त्या वर्तुळाची कड पिवळी पडली. फक्त त्याचीच! इमारतीतले एक गृहस्थ, ज्यांना सगळे मागून शंकासुर म्हणत, ते ओरडले, "बघा! ही बाई बसते तिथलं गवतही करपतंय. मागच्या फाटकाला कुलूप ठोका!" त्यांनी माझ्यावरच कागद ठेवून सह्या गोळा केल्या. सांगायला लाज वाटते, पण मलाही ते पटलं होतं. कारण त्या गेल्या की माळीकाका इकडेतिकडे बघत तिथे बादल्या ओतायचे. दाल में... छे, कुठेतरी पाणी मुरतंय, असं मला वाटायचं. मुलांत तर काका ते गवत जाळतात अशीच अफवा पसरली.

आता काकांनी नळ बंद केला. "जाळत नाही गं पोरी, धुतो. चूक माझीच. शेवटच्या वर्तुळाला रेघा आखायची पांढरी फक्की संपली. झाडांच्या बुंध्यांना लावायचा चुना उरला होता, तोच टाकला. त्याने गवत करपलं. माळ्यालाच गवत कळत नाही असं लोक म्हणाले असते, म्हणून गप्प बसलो."

"आणि माझ्या आईला काहीही म्हणू दिलंत?"

 काकांनी चुन्याचा डबा उचलला आणि तेवढ्यात सह्यांचा कागद घेऊन तिथे आलेल्या शंकासुरांच्या थेट पुढ्यात ठेवला. "साहेब, गवत मी जाळलं."

"तिला वाचवायला सांगताय!"

"मग वाकून बघा ना!" मुलगी म्हणाली. "पिवळं फक्त रेघेवर आहे. आई बसते तिथे मधे हिरवंगार!"

ते वाकले. चष्मा पुसून पुन्हा वाकले. "हं," म्हणाले, आणि सह्यांचा कागद घडी करून खिशात घातला. फाडला नाही हं! संशय असा एका दिवसात निघत नाही. मला विचारा.

मित्रांनो, मला नवा रंग दिला नाहीत तरी चालेल. पण घाबरून बागेचं फाटक बंद करण्याआधी गवत एकदा जवळून बघा. कुणाचं तरी घर तेवढा एक तास तिथे भरलेलं असतं.

इतक्यात मागचं फाटक करकरलं. आई आली. बाबाही डबा घेऊन पोचले. मुलगी दोघांच्या मधे, पण आईपासून लांब, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आई, बाबा, ऐका! उद्यापासून वर्तुळं मी आखणार. सगळ्यांमध्ये दहा पावलं, अगदी मोजून. पण आई, तुझं वर्तुळ कोपऱ्यात नाही. बागेच्या मधोमध!"