पांढऱ्या साडीसमोरचा कॅमेरा

भिशी माझ्या नावावर लागली त्याच दिवशी मी घरात जाहीर केलं, की पैसे कॅमेऱ्याला देते, पण कॅमेरा पसंत मी करणार. आमच्या ह्यांचा, म्हणजे महेंद्रचा, सुप्याला स्टँडजवळ फोटो स्टुडिओ आहे. एमआयडीसीतल्या कामगारांचे पासपोर्ट फोटो रोजचे, पण खरी कमाई लग्नांची. आणि ऐन लग्नात जुन्या कॅमेऱ्याचं शटर अडकायला लागलं होतं. मग हे त्याला तापलेल्या पोरासारखं थोपटत बसायचे आणि वऱ्हाडी हसायचे. पौषाआधी लग्नांच्या ऑर्डरी होत्या, त्यामुळे नवा कॅमेरा घेणं भाग होतं.

नव्याण्णव सालची दिवाळी नुकतीच झाली होती. पुण्याच्या कुणीतरी ह्यांच्या डोक्यात डिजिटलचं खूळ भरवलं. रोल लागत नाही, धुवायला द्यावा लागत नाही, फोटो काढला की मागच्या काचेवर लगेच दिसतो.

"लग्नात नवरीला तिथल्या तिथं फोटो दाखवायचा," हे म्हणाले. "सबंध तालुक्यात कुनाकडं न्हाई."

"दाखवा की," मी म्हटलं. "पन त्यात नवरीचं तोंड दिसलं पायजे."

हे मी का बोलले ते सांगते. आम्हा बौद्धांची लग्नं पांढऱ्या कपड्यांत होतात. नवरी पांढऱ्या साडीत, नवरा पांढऱ्या सदऱ्यात, मागे पडदासुद्धा पांढरा. आमच्या लग्नात हेच नवरदेव, म्हणून फोटो काढायला ह्यांचा मित्र छगन आला, नवाकोरा ऑटोमॅटिक कॅमेरा गळ्यात अडकवून. पुढे अल्बम आला. साडीची घडी न् घडी दिसत होती, आणि त्या साडीवर माझा चेहरा म्हणजे नुसता काळा डाग. नाक कुठे, डोळे कुठे, काही पत्ता नाही. माझ्या सासूबाई भागिरथीबाई मनाने वाईट नाहीत, पण त्यांच्या जिभेला हाड नाही. अल्बम मिटून म्हणाल्या, "साडी मातुर झ्याक आलीया."

तेव्हापासून पाहुण्याने अल्बम मागितला की मी चहा टाकायला उठते. मी सावळी आहे हे मला माहीतच होतं, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण लग्नाच्या दिवशी मी हसत होते, मला आठवतं ना! ते हसू त्या अल्बमात कुठेच नव्हतं. मला वाटायचं, आपला चेहराच असा, फोटोत न उतरणारा.

हे म्हणायचे, "तुझं काय न्हाई गं त्यात. समोर पांढरं लई आलं की त्यो कॅमेरा बिचकतो, आन सगळंच अंधारं करून टाकतो." मी मान डोलवायची आणि मनात म्हणायची, नवराच तो, बायकोचं मन राखणारच.

नगरला निघताना मी पिशवीत लग्नातली साडी टाकली. ह्यांनी विचारलं, "ही कशाला?"

"बैल घेताना चालवून बघत्यात का न्हाई?"

तिथल्या कॅमेऱ्याच्या दुकानाचे मालक राधाकृष्णशेठ. माणूस गोरापान, घाऱ्या डोळ्यांचा, आणि ओळखीच्या गिऱ्हाइकाला चहा पाजणारा. आमची ऐपत त्यांना ठाऊक होती. त्यांनी काउंटरवर दोनच कॅमेरे मांडले. एक डिजिटल, चंदेरी, तळहातावर मावेल एवढा. तो घेतला तर सगळी भिशी त्यातच संपणार होती. दुसरा सेकंडहँड, रोलचा, काळा, वजनदार. उजेड किती घ्यायचा ते त्यात हाताने ठरवावं लागे. तो घेतला तर पैसे उरून वर नवा फ्लॅश आला असता. ह्यांनी काळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"यात सगळं ऑटोमॅटिक," शेठ चंदेरी कॅमेरा पुढे सरकवत म्हणाले. "बटण दाबायचं, बस. डोकं लावायचं कामच नाही."

मी पिशवीतली साडी अंगावरच्या साडीवरून पांघरली आणि दारातल्या चुना लावलेल्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. गिऱ्हाइकं माना वळवून बघायला लागली. शेठनी स्वतः बटण दाबलं आणि कॅमेरा काउंटरवर ठेवला. आम्ही सगळे त्या इवल्याशा काचेवर वाकलो.

तोच माझा अल्बम. साडी झकास आली होती आणि मी नव्हते. एक बाई दुसरीकडे बघायला लागली. मला ती जागा सोडून पळून जावंसं वाटलं.

शेठ काही कुचकेपणाने बोलले नाहीत, मालाची बाजू घ्यायची म्हणून बोलले. "वहिनी, आता मूळ रंगच तसा असला, तर कॅमेरा बिचारा काय करणार?"

"शेठ!" हे पुढे सरसावले. मी ह्यांचा हात धरला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"शेठ, तुमी तर गोरे हाय ना? मग तुमी उभं ऱ्हावा."

आता खरं सांगते, यात माझी अक्कल काही नव्हती, नुसता राग होता. शब्द तोंडातून गेल्यावर माझ्या ध्यानात आलं. समजा शेठ गोरेच्या गोरे आले तर? मग सगळ्यांदेखत ठरलं असतं की कॅमेरा खरा आणि माझा चेहरा खोटा. पण बाण सुटला होता. शेठनाही मौज वाटली. "आणा," म्हणाले, साडी खांद्यावरून घेतली, वर डोक्यावर पदर ओढला आणि भिंतीपाशी नवरीसारखे मान खाली घालून उभे राहिले. बघणाऱ्यांच्या हसून हसून मुरकुंड्या वळल्या.

"वर बघा," म्हणत ह्यांनी बटण दाबलं. स्वतः काचेकडे न बघता कॅमेरा माझ्या हातात दिला.

शेठ करपलेल्या भाकरीसारखे दिसत होते. घारे डोळे गेले, मिशी गेली, गोरेपणाही गेला. साडी मात्र झकास.

"हा मी?" शेठनी रुमालाने काच पुसली. परत पुसली. मग मोठ्याने हसले आणि साडीची नीट घडी घालून मला दिली. "वहिनी, बोललो ते चुकलं माझं."

"यात हातानं उजेड कमीजास्त करता येतो का?" मी विचारलं.

"या मॉडेलला ती सोय नाही."

"मग काळा द्या. आमची नवरी पांढऱ्यातच उभी ऱ्हानार."

ह्यांचा चेहरा पडला, पण भिशी माझी होती. काळा कॅमेरा, फ्लॅश आणि एक रोल असा हिशेब झाला. शेठ खोकं बांधायला आत गेले, तेव्हा हे हळूच म्हणाले, "सांगत हुतो ना तुला, कॅमेऱ्याची चूक हाय म्हनून?"

"मला वाटायचं, तुमी माझं मन राखताय."

हे माझ्याकडे बघतच राहिले. "मन राखायला तुला एखादी साडी घेतली असती. फोटोबद्दल कशाला खोटं बोलीन मी?"

लग्नाला सहा वर्षं झाली होती. एवढी वर्षं हा माणूस मला सरळ खरं ते सांगत होता, आणि मी त्याचा एक शब्द खरा धरला नव्हता. मला भर दुकानात रडू फुटलं. शेठ खोकं घेऊन आले, ते काउंटरवर ठेवून तसेच परत आत गेले.

"पूस डोळे," हे खोक्यातून कॅमेरा काढत म्हणाले, "रोल घालतो."

मी डोळे पुसले नाहीत. साडी पांघरली आणि त्याच भिंतीपाशी, होते तशी उभी राहिले.