दुसऱ्या शाळेची फी

प्लेगला दोन वर्षं झाली होती आणि लिंबायतच्या कामगार वस्तीत ज्याला त्याला ट्रक चालवायचा होता. हजीऱ्याला कारखान्यांवर कारखाने उठत होते, लोखंडाच्या गाड्या रात्रंदिवस पळत होत्या. कापडाच्या मागावर बारा तास उभं राहून पाय सुजवण्यापेक्षा बसून पैसे मिळत असतील तर कुणाला नको होते? किसन मात्र ट्रक शिकवणाऱ्या शाळा बघत फिरत होता तो स्वतःसाठी नव्हे, धाकट्या भावासाठी. चिंधासाठी.

सायकल काढायची आणि एकेका शाळेत जाऊन मालकाचं डोकं खायचं. एका गाडीवर किती पोरं? नुसत्या मैदानात फिरवता की रस्त्यावर नेता? ब्रेक लागतो का, की पाय टेकवून थांबवता? एका शाळेत तर ट्रकला पुढची काचच नव्हती. "हवा येते," मालक म्हणाला. शेवटी त्याने कामरेजच्या रस्त्यावरची कादरभाईची शाळा पक्की केली. सगळ्यांत महागडी. कादरभाई वीस वर्षं लांबच्या गाडीवर राहिलेला, एका वेळी चारच पोरं घ्यायचा आणि प्रत्येकाच्या शेजारी स्वतः बसायचा.

घरी त्याची बायको छाया म्हणाली, "सख्ख्या पोरासाठी एवढे नही फिरनात कधी."

भिशीचे पैसे उचलून किसनने पूर्ण फी एकदम भरली, तेव्हा छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं त्याला वाटलं. माणूस पैसे टाकून देवाचंसुद्धा तोंड बंद करतो, इथे तर फक्त स्वतःचं मन होतं.

कारण असं. नऊ वर्षांपूर्वी किसन स्वतः मागावर होता. सेठने त्याला बोलावलं आणि सांगितलं, फोल्डिंगला जागा आहे. फोल्डिंग म्हणजे वरच्या मजल्यावर पंख्याखाली बसून कापडाचा ताका तपासायचा, घडी घालायची. मागाच्या मानाने स्वर्ग. पण सेठची अट होती, तुझे माग बंद राहता कामा नयेत, माणूस दे. किसन त्याच आठवड्यात गावी गेला आणि नववीत शिकणाऱ्या चिंधाला उचलून घेऊन आला. आईला म्हणाला, शहरात शिकेल. चिंधाला म्हणाला, थोडे दिवस. ते थोडे दिवस अजून चालू होते. चिंधाचं लग्न झालं, मनीषा घरात आली, तरी चालूच होते. माणसाच्या बदली माणूस दिला होता, हे सेठला आणि किसनला सोडून कुणालाच माहीत नव्हतं.

आठवडाभराने कादरभाईने किसनला एकट्याला बोलावून घेतलं.

"बैठो, किसनभाई. लडका तुम्हारा सोना है. हाथ ऐसा है कि मैंने बीस साल में दो-तीन देखे होंगे."

किसन खूश होऊन हसला.

"लेकिन उसके कान गये हैं."

"म्हणजे?"

"मेरी तरफ देखता है तब सब समझता है. सामने रस्ता देखके चलाता है तब मैं बाजू में बैठके चिल्लाऊँ तो भी कुछ नहीं. कल पीछे से बसवाला हॉर्न पे हाथ रखके बैठा था. साइड ही नहीं दी." कादरभाईने पैसे मोजून टेबलावर ठेवले. "डिझेल का काट लिया है, बाकी ले जाओ. पहले डॉक्टर को दिखाओ. मैं इसको रोड पे नहीं छोड़ूँगा. किसी का बच्चा होगा नीचे."

खरं सांगायचं तर किसनला नवल वाटलं नाही. खात्यात, मागांच्या शेडमध्ये, माग चालू असले की शेजारच्याने कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. तिथे माणसं ओठ वाचतात आणि बोटांनी खुणा करतात. बाहेर गल्लीतही सगळी मागवालीच, सगळी ओरडूनच बोलतात. अशा ठिकाणी कुणाचा कान कधी गेला हे कळायला मार्गच नसतो, ज्याचा गेला त्यालासुद्धा नाही. पण किसन वर फोल्डिंगला बसत होता, त्याचे कान शाबूत होते. चिंधा पाठमोरा असताना त्याने कितीदा हाक मारली होती आणि चिंधाने मान वळवली नव्हती. दरवेळी किसनने मनाला सांगितलं होतं, पोरगा थकलाय.

फाटकाबाहेर चिंधा उसाच्या गाड्याला टेकून उभा होता. "भाऊ, उस्ताद काय म्हणे?"

सांगायला काय लागतं? चार शब्द. पण त्या चार शब्दांच्या मागे एक प्रश्न उभा होता, की माझे कान कुणी खाल्ले. किसनची जीभ भलतंच बोलून गेली.

"म्हणे, तुन्हा हात बसत नही. स्टेअरिंगले नरम हात लागतो म्हणे. मागवाल्याचा हात कडक व्हई जास."

चिंधाने दोन्ही तळहात समोर धरून बघितले.

त्या रात्रीपासून मनीषा खोबरेल कोमट करून त्याच्या हाताला चोळायला लागली. दोघा भावांच्या खोल्यांमध्ये फक्त पत्र्याची भिंत. पलीकडून चिंधाचा आवाज यायचा, "अजून थोडं, अंगठ्यापाशी." किसन पत्र्याकडे पाठ करून पडायचा. पत्र्याला दार नव्हतं म्हणून तो खरं सांगायला गेला नाही असं नाही. त्याची छातीच झाली नाही.

मग त्याने दुसरी शाळा शोधली. ही शाळा ललितची होती. ललित त्यांच्याच भागातला, अमळनेरकडचा, शिकलेला, शर्टाच्या खिशात तीन पेनं. शाळेला ट्रक होता, तो विटांवर उभा होता.

"काका, आपण शिकवत बसत नाही," ललित म्हणाला. "आपण लायसन देतो. छोट्या गाडीचं आहे ना त्याच्याकडे? बस झालं. मेडिकल, टेस्ट, सगळं ह्याच्यात आलं. माझ्याकडून लायसन काढलेले दोघं तर मुंबईला जाऊन आले."

"आले ना परत?"

"एक आला," ललित म्हणाला आणि स्वतःच खदखदून हसला. किसनही हसला. त्या हसण्याची त्याला पुढे कितीतरी दिवस किळस येत राहिली, पण तेव्हा तो हसला. आणि कादरभाईने इमानाने परत केलेले पैसे त्याने ललितच्या हातावर ठेवले. या वेळी छातीवरून काही उतरलं नाही.

मेडिकलला डॉक्टरने मान वर केली नाही. खाली कागदाकडे बघत त्याने विचारलं, "नाम?" चिंधाला डॉक्टरचे ओठ दिसले नाहीत, तो भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिला. किसन म्हणाला, "चिंधा निंबा पाटील." डॉक्टर म्हणाला, "उमर?" किसन म्हणाला, "चोवीस." डॉक्टरने विचारलं, "बराबर दिखता है, सुनता है?" आणि किसन म्हणाला, "हो." शिक्का पडला. एक माणूस दुसऱ्याच्या कानांनी पास झाला आणि त्या डॉक्टरला त्याचं काही वाटलं नाही. रोज असे पन्नास पास होत असतील आणि रस्त्यावर मेलेल्यांना सगळे म्हणत असतील, नशीब.

टेस्ट कशी झाली ते ललितला माहीत. लायसन आलं. चिंधाने ते प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, मनीषाला दाखवलं, छायाच्या पाया पडला, किसनच्याही पडला. "भाऊ, तू नसता तर मी जन्मभर मागवरच मरतो," म्हणाला. किसनने त्याला उठवलंसुद्धा नाही.

कामरेजच्या एका गोदामात ललितनेच काम लावून दिलं. रविवारी गाडी चालवून दाखवायची आणि सोमवारपासून हजीऱ्याच्या फेऱ्या. किसन बरोबर गेला. कादरभाईचं बोलणं त्याला झोपू देत नव्हतं, पण तोंड उघडायचं धाडस अजून आलं नव्हतं. निदान आपण असू, एवढंच त्याचं शहाणपण.

चिंधाने आवारात गाडी फिरवली ती लोण्यात सुरी फिरावी तशी. गोदामाचा मेहताजी, तिथला मुनीम, खाटेवर बसून बघत होता. "वाह," तो म्हणाला. "हवे पाछळ लो. भिंतीला लाव." क्लीनर सुट्टीवर होता. मेहताजीने किसनला हात केला, "तमे पाछळ ऊभा रहो, आवाज आपो."

ट्रक मागे घेताना ड्रायव्हरचे डोळे मागच्या माणसाच्या गळ्यात असतात. तो ओरडतो, फळकुटावर थाप मारतो, त्यावर गाडी येते आणि थांबते. किसन मागे जाऊन उभा राहिला. "येऊ दे, येऊ दे!" गाडी येत होती. आणि भिंतीपाशी एक बाई वाकून कापडाच्या चिंध्या गोणीत भरत होती. भंगार वेचणारी. किसनला ती दिसली तेव्हा गाडी चार हातांवर होती.

"थांब! चिंधा, थांब!"

गाडी येत राहिली. किसनने दोन्ही हातांनी फळकुट बडवलं. "थांब रे! चिंधा!" सबंध आवार घुमलं, मेहताजी खाटेवरून उठला, रस्त्यापलीकडचा चहावाला वळून बघायला लागला. फक्त एका माणसाला ते ऐकू आलं नाही. बाईने मान वर केली, गोणी ओढायला लागली, गोणीचा दोर तिच्या हाताला गुंडाळलेला. किसनने तिला दंडाला धरून असं ओढलं की दोघं मातीत लोळली. दोर सुटला. गोणीवरून चाक गेलं, गाडी भिंतीला टेकली आणि थांबली.

चिंधा खाली उतरला. हसत. "भाऊ, बरोबर लागनी ना?"

बाई तोपर्यंत उठली होती. सोललेला हात बघत तिने किसनला शिव्यांची लाखोली वाहिली आणि मग चिंधाच्या थेट तोंडासमोर जाऊन ओरडली, "भैरा हाय का रे तू? एवढा माणूस बोंबलतोय, भैरा हाय का?"

चिंधाने तिचे ओठ वाचले. नऊ वर्षं तो तेच करत आला होता. त्याचं हसू हळूहळू गेलं. गोणी बघितली, चाक बघितलं, मग किसनकडे बघितलं.

"भाऊ, ती काय म्हणी राह्यनी?"

"खरं शे ते," किसन म्हणाला.

"तुले कधीपासून माहीत व्हतं?"

"कादरभाईनी सांगेल व्हतं."

"अन् हात?"

किसनला वाटलं, धरणी फाटावी. "हाताचं मीच सांगितलं. तो म्हणे, सोन्याचा हात शे."

चिंधाने तळहात पँटला पुसले, जणू काही लागलं होतं. खिशातून होते नव्हते ते पैसे काढून बाईला दिले. मग मेहताजीकडे गेला, चावी खाटेवर ठेवली आणि म्हणाला, "शेठ, माझे कान गेलेत. मला ठेवू नका."

मेहताजीने विचारलं, "मेडिकल छे ने?"

"आहे."

"तो पछी शुं वांधो? काले आवी जा." उद्या यायला सांगून मेहताजी खाटेवर आडवा झाला. बाई वाचली होती, भिंत शाबूत होती, कागद पक्का होता. त्याच्या हिशोबात काहीच झालं नव्हतं.

चिंधाने चावी उचलली नाही. तो फाटकातून बाहेर पडला. किसन सायकल ओढत मागे धावला. त्याला गाठलं तसा चिंधा थांबला आणि म्हणाला, "भाऊ, मी उद्या खात्यात परत जाई राह्यनू. आता मन्हाकरता काही करू नको."

एवढं बोलून तो चालायला लागला. मागून गाड्या येत होत्या, हॉर्न वाजवत होत्या. किसन गाड्यांच्या बाजूला झाला आणि चार पावलं मागून चालत राहिला. समोर भावाची पाठ होती. घामाने शर्ट चिकटलेला.

"चिंधा," तो त्या पाठीला म्हणाला, "फोल्डिंगच्या जागेकरता तुले आणं मी. सेठनी माणूस मागा, मी तुले दिनं." सगळं सांगून झालं. किती सोपं गेलं! पाठ चालत राहिली. किसनला वाटलं, झालं, सांगितलं. आणि दुसऱ्याच क्षणी स्वतःच्या थोबाडीत मारावी असं वाटलं. ही कबुलीसुद्धा ललितच्या शाळेसारखीच झाली, शिक्का आहे आणि आत काही नाही.

त्याने सायकल नाल्याच्या कडेला टाकली, धावत पुढे गेला आणि भावाच्या समोर आडवा उभा राहिला. चिंधा त्याला चुकवून जायला लागला. किसनने त्याचे खांदे धरले.

"मन्हा तोंडकडे बघ," तो म्हणाला. चिंधाने बघितलं. किसनने शब्द सावकाश लावले, एकही चुकू नये म्हणून.

"सेठ माले म्हणे, फोल्डिंगले जागा शे, पण माणूस दे."