उद्या या

बेबीताई पदर खोचून शिडीवर चढल्या होत्या आणि मोबाईल पत्र्याच्या वर धरून खाली खोलीतल्या संगणकाला इंटरनेट पाजत होत्या. शेषराव सायकल लावून उभे राहिले. जन्म-मृत्यू नोंदणीचं हे काम मुख्य इमारतीत जागा नाही म्हणून जुन्या जकात नाक्यात हलवलं होतं. जकात बंद झाली, नाका उरला, आणि उरलेल्या जागेत बेबीताईंना बसवलं.

शेषराव नगर परिषदेत लिपिक. पालिकेच्या इमारतींना फायबरचं इंटरनेट द्यायचं ठरलं होतं. कार्यालय, पाणीपुरवठा, दवाखाना यांचं झालं होतं. यंदाच्या मंजुरीत एकच जोडणी उरली होती आणि दावेदार दोन होते, अभ्यासिका आणि हा नाका. मुख्याधिकारी म्हणाले, तुम्ही दोन्ही जागा पाहून या, एक नाव सुचवा, मी सही करतो. सरकारी कामात निवड करायला सांगतात, तेव्हा ती बहुधा आधीच झालेली असते. शेषरावांच्या मनातही ती झालेलीच होती. अभ्यासिकेत त्यांची लेक कोकिळा बसत होती.

कोकिळा पूर्वपरीक्षा पास झाली होती. मुख्य परीक्षेचे वर्ग ऑनलाइन होते आणि घराच्या गल्लीत ना वायर होती, ना रेंज. अभ्यासिकेत नेट आलं नाही तर तिला अकोल्याला मावशीकडे जावं लागणार होतं. बायको पुष्पाबाई गेल्यापासून घरात दोघंच होती. तीही गेली तर संध्याकाळी घरी जाऊन करायचं काय, हा प्रश्न शेषरावांनी स्वतःला अजून विचारलाही नव्हता.

नाक्यासमोर निंबाखाली माणसं बसली होती. त्यात डोणगावहून आलेल्या गोजरबाई होत्या. त्यांचे मालक इथल्या दवाखान्यात वारले, म्हणून मृत्यूचा दाखला इथूनच मिळायचा. याआधीही त्या दोनदा येऊन गेल्या होत्या. रेंज पुन्हा गेली. बेबीताई खाली उतरल्या आणि गोजरबाईंकडे न बघता म्हणाल्या, "उद्या या, मावशी."

गोजरबाई नुसत्या "हाव" म्हणाल्या, पिशवी उचलली आणि जीपच्या थांब्याकडे चालू लागल्या. त्या दिसेनाशा झाल्यावर बेबीताई शेषरावांकडे वळल्या.

"भाऊ, मयताच्या घरून निघताना आपण 'येतो' म्हणत नाही. घरचेबी 'या' म्हणत नाहीत," त्या म्हणाल्या. "अन् मले याईले रोज 'उद्या या' म्हणा लागते. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. पण लोक गप निंघून जातात."

पुष्पाबाईंचा दाखला शेषरावांना कार्यालयात टेबलावर आणून दिला होता. चहासोबत. या निंबाखाली बसायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती.

रात्री जेवताना त्यांनी कोकिळेला सांगून टाकलं, नाव नाक्याचं देणार. तिने ताट सरकवलं.

"त्याईले दोन दिवस उशिरा कागद भेटला तर काय होते? माही परीक्षा थांबते का?"

तिचं चुकत नव्हतं. अभ्यासिकेतल्या सगळ्याच पोरापोरींचं चुकत नव्हतं. शेषरावांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"तुह्या मायचा कागद मले बसल्या जागी भेटला, बाई," ते एवढंच म्हणाले.

सकाळी त्यांनी नाक्याचं नाव दिलं.

जोडणी झाली त्या दिवशी ते मुद्दाम तिकडे गेले. गोजरबाई खिडकीशी होत्या. बेबीताईंनी दाखला दोन्ही हातांनी पुढे केला. गोजरबाईंनी तो कपाळाला लावला, पदराखाली ठेवला आणि चालू लागल्या. कोणी कोणाला काही म्हणालं नाही. कितीतरी दिवसांनी तिथे रीत पाळली गेली.

त्या रविवारी शेषरावांनी कोकिळेची बॅग अकोल्याच्या बसमध्ये ठेवली. ताट सरकवलं त्या रात्रीपासून ती कामापुरतंच बोलत होती. खाली उतरून ते खिडकीजवळ उभे राहिले. ती समोर बघत होती. पुष्पाबाई गेल्या तेव्हा घरातून सगळे असेच न बोलता निघाले होते, हे त्यांना आठवलं.

कंडक्टरने घंटी वाजवली. कोकिळेने मान वळवली.

"येते, बाबा."

"ये," शेषराव म्हणाले. बस फाटकाबाहेर पडल्यावर, ऐकायला कोणी नसताना, ते पुन्हा एकदा म्हणाले, "ये."